सुमतीआक्काची बोटं

संकेश्वरातल्या त्या गॅरेजात पहिल्यांदा गेले, तेव्हा वाटलं, हे काय नाटक चाललंय! बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि साठी ओलांडलेले धनपालआण्णा मेस्त्री डोळे मिटून बायकोपुढं हात धरून उभे. सुमतीआक्कानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ कानाशी, आणि दुसऱ्या हाताची बोटं नवऱ्याच्या मनगटावर टकटक करत होती. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं बाजारात सगळेच हसत. मीही हसले.

मी निपाणीची, नोकरी बेळगावला. वडिलांची जुनी गाडी विकायचा धीर होईना, आणि संकेश्वर वाटेतच. गाडी आदल्या दिवशी ठेवूनच जायची, हा आक्काचा दंडक. सकाळी जैन बस्तीतनं देवाचं दर्शन घेऊन आली की ती आण्णांना गार इंजिन सुरू करायला लावायची. टायमिंग चेन ढिली झाली असेल तर खुळखुळ ऐकू येते ती पहिले चार-दोन क्षणच. तेल वर चढलं की गाडी गप्प. लोक भर दुपारी गाडी आणून म्हणत, आता तर काहीच वाजत नाही.

"तापल्यावर सगळ्याच शाण्या हुत्यात," ती म्हणायची. "गार असताना ऐकावं."

तोंडानं फटकळ. मी एकदा चार दिवस वाजणारी गाडी तशीच दामटली, तर भर रस्त्यात मला झापलं. चेन सुटली असती तर अख्खं इंजिन बाद झालं असतं. झापून झाल्यावर घरात नेऊन थालीपीठ वाढलं, वर लोणी.

मागल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. बेळगावच्या दवाखान्यात ठेवलं. दिवस मावळल्यावर ती पाण्याशिवाय काही तोंडात घालायची नाही, तिथंसुद्धा नाही. त्यामुळं ऑफिसातनं सुटून उजेड असेतो डबा पोचवायची माझी धावपळ चाले. अशाच एका संध्याकाळी दोन घास खाऊन तिनं ताट सारलं आणि सांगितलं, की आण्णांना ऐकूच येत नाही. कैक वर्षं झाली. कानाचं यंत्र लावून पाहिलं, त्यात नुसता कालवा. बहिऱ्या मेस्त्रीकडं गाडी कोण टाकणार? म्हणून इंजिन जसं वाजेल तसं ती त्यांच्या मनगटावर वाजवायची. बोलणं ते ओठांवरनं ओळखत.

मी चिडलेच. एवढ्या वर्षांत मला का नाही सांगितलंस, म्हणून भांडले.

"सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी मोठ्यानं बोलली असतीस," ती म्हणाली. "ते त्यास्नी सोसलं नसतं गं."

मग तिनं माझा हात ओढून घेतला. इंजिनातला टॅपेट वाजतो तो एका बोटानं, ठेक्यात. चेन म्हणजे चारी बोटं, घाईघाईनं, अडखळत. माझं चुकलं की चापट मारायची. हात एवढा वाळला होता, तरी चापट लागायची. मला रडू आवरेना, आणि ती म्हणत होती, रडू नको, बोट चुकतंय.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

महिन्याभरानं गॅरेज उघडल्याचं कळलं. माझी गाडी सकाळी खुळखुळत होतीच. आदल्या दिवशी ठेवून आले आणि सकाळी पहिल्या एसटीनं संकेश्वर गाठलं. खुर्चीवर तिची शाल तशीच होती. मला शालीकडं बघवेना.

आण्णांनी बॉनेट उघडलं, चावी फिरवली, आणि पुढं येऊन सवयीनं हात पुढं केला. मग भानावर येऊन मागं घेऊ लागले. मी तो धरला. स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, कान लावला, आणि त्यांच्या मनगटावर चारी बोटांनी वाजवू लागले. आण्णांनी डोळे मिटले.

"चेनच हाय," ते म्हणाले.

हात मात्र काढून घेतला नाही. मिटल्या डोळ्यांतनं पाणी गालावर आलं.

तेल वर चढून गाडी केव्हाच गप्प झाली होती. आण्णांना का ते ठाऊक नव्हतं? सारा जन्म त्यात गेलेला. पण ते हात धरून उभे राहिले, आणि मी वाजवत राहिले.