बाविसाव्या मजल्यावरचा माणूस

नागपूरच्या उन्हाबद्दल मी वाढवून काही सांगणार नाही. एवढंच सांगतो, की गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतलं कुत्रं विजेच्या खांबाची सावली दातात धरून आपल्या घराकडे ओढत नेत होतं, आणि खांब बिचारा उघडा पडला तरी काही बोलला नाही. अशा शहरात मी जन्मभर कूलर विकले. सदर भागात, दुसऱ्याच्या दुकानात, पगारावर.

कूलर सगळीकडे सारखाच. तोच पत्रा, तोच पंखा, त्याच वाळ्याच्या ताट्या. गिऱ्हाईक दहा दुकानं हिंडतं आणि झोपायच्या वेळी त्याला एकच दुकान आठवतं. ते आपलं असलं पाहिजे. भाव कोणाच्या लक्षात राहत नाही, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. लक्षात राहते गोष्ट. म्हणून मी सासूची गोष्ट काढली.

कळमेश्वरच्या एका जावयानं आमच्याकडचा मोठा कूलर नेला. बटण दाबलं, तर समोर झोपलेल्या सासूबाई पलंगासकट सरकायला लागल्या. खोलीतून ओसरीत, ओसरीतून अंगणात, अंगणातून डांबरी रस्त्यावर. एसटी थांबली. कंडक्टरनं सासूबाईंचं एक आणि पलंगाचं वेगळं, अशी दोन तिकिटं फाडली. दुसऱ्या दिवशी जावई दुकानात हजर. मालकाला वाटलं, आता कूलर परत करतो. जावई म्हणाला, "अजून एक द्या जी. माह्या भावाची सासू यायची आहे."

या एका सासूवर मी किती कूलर विकले असतील, ते सूर्यालाच विचारा.

घरी पाहुण्यांना ही गोष्ट सांगायला बसलो, की स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "अर्धं करून आयका भाऊजी, अर्धं!" पाहुणे हसायचे, अर्धं करायचे, आणि उरलेल्या अर्ध्यात मी त्यांना व्यवस्थित दिसायचो. ती गेली. तेव्हापासून अर्धं करणारं कोणी राहिलं नाही. मी सांगतो ते सगळंच्या सगळं लोक घरी घेऊन जातात.

गेल्या उन्हाळ्यात कामठीला एका लग्नात जेवणाच्या रांगेत एका माणसानं माझा दंड धरला. "तुम्ही ते सदरवाले कूलरवाले ना?" मी म्हटलं, हो. झालं! त्यानं आपल्या बायकोला बोलावलं, बायकोच्या बहिणीला, साळीला बोलावलं, हातातली ताटं खाली ठेवायला लावली आणि सासूची गोष्ट सांगितली. एसटी, तिकीट, सगळं. चांगली सांगितली, उगाच खोटं कशाला बोलू. साळी तर हसता हसता मंडपाच्या खांबाला टेकली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वा भाऊ! अन् तुमचं नाव काय म्हणता?"

त्याच्या घरात ती सासू इतकी वर्षं जेवत-खात होती, म्हातारी होत होती. तिला तिथं आणून सोडणाऱ्याला मात्र घरात जागा नव्हती. परतीच्या शेअर ऑटोत मी सहा माणसांच्या मधे दाबून बसलो होतो आणि विचार करत होतो, आपण उद्या उठलो नाही तर कोणाच्या दिवसात काही कमी पडेल?

आता आमच्या पोह्याच्या ठेल्याबद्दल सांगतो. पोह्यांवर ओततात ती तिथली तर्री अशी तिखट, की तिचा एक थेंब स्कूटरच्या टाकीत पडला तर स्कूटर थेट वर्ध्यापर्यंत जाते. रोज सकाळी तिथल्या बाकावर आम्ही चौघं. एक बँकेतून रिटायर झालेला, एक मास्तर, एक लूमवाला आणि मी. लूमवाला मूळचा कामठीचा. जन्मभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात राहून त्याचे कान गेले, आता इथं पोरीकडे राहतो. माझ्या गोष्टीतलं अर्धंच त्याच्या कानात शिरतं. बाकीचं तो पोह्यांबरोबर चावून टाकतो.

या बाकावर वर्षभर माझा एक विषय चालू होता: बंगलोरचा पोरगा. पोरगा बाविसाव्या मजल्यावर राहतो. सकाळी खिडकी उघडायच्या आधी बाहेरचे ढग झाडूनं हाकलावे लागतात. मला वेगळी खोली ठेवली आहे, पलंगाला चाकं आहेत, आणि पोरगा रोज फोनवर रडतो, "पप्पा, या ना." मी म्हणतो, "येईन कधीतरी, इथं पोह्यांचं कोण पाहील?"

पोरगा खरोखर बंगलोरला आहे. वाईट नाही. रविवारी फोन करतो. "पप्पा, सगळं ठीक?" विचारतो. मी म्हणतो, "एकदम फर्स्टक्लास." तो "बरं" म्हणतो. माझ्या सगळ्या गोष्टींत सगळ्यात छोटी गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त वाढवून सांगितलेलीही हीच.

कामठीहून आलो आणि ठरवलं, आठवडाभर ठेल्यावर जायचं नाही. पाहू, कोणाचा फोन येतो.

पहिल्या दिवशी मी फोन चार्ज करून उशीपाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो बंद तर पडला नाही ना, म्हणून शेजारच्या पोरीला मिस कॉल द्यायला लावला. वाजला. इतका खणखणीत वाजला, की मलाच वाईट वाटलं. पुढे पुढे मी आंघोळीलाही फोन बादलीशेजारी ठेवून बसू लागलो. एकदा वाजलाही. एक बाई मला कर्ज द्यायला इतकी आतुर होती, की मी तिला सासूची गोष्ट सांगायला घेतली. तिनं एसटी यायच्या आत फोन ठेवला.

तेवढ्यात नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. नागपुरात या नऊ दिवसांत कोण कोण आहे, हे ओळखू येत नाही. सगळे डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळून, वरून काळा चष्मा लावून हिंडतात. नवरा स्वतःच्या बायकोला "जरा बाजूला व्हा ताई" म्हणून पुढे निघून जातो. मी म्हटलं, याहून चांगली संधी नाही. बायकोचा एक जुना दुपट्टा काढला, तोंडाला गुंडाळला, चष्मा लावला. स्कूटर ओळखतील म्हणून पायी निघालो.

ठेल्यावर मी आमच्या बाकाकडे पाठ करून उभा राहिलो आणि घोगऱ्या आवाजात एक पार्सल सांगितलं. दुपट्टा बांधून पोहे खाता येत नाहीत, ही अडचण घरून निघताना माझ्या लक्षात नव्हती आली. मागे ते तिघं बसले होते. बराच वेळ भेंडीच्या भावावर गेला. मला वाटलं, संपलं. आपलं नाव काही निघत नाही. तेवढ्यात मास्तर म्हणाला, "आपला कूलरवाला नाही दिसून राहिला बावा."

"बंगलोरले गेला असंन," बँकवाला म्हणाला. "पोरानं नेलं असंन. रोज रडे ना तो फोनवर."

"सांगूनही नाही गेला."

"काहून सांगंन? बाविसाव्या मजल्यावर ढग हाकलत बसला आहे माणूस. त्याले तुह्या भेंडीची काय आठवण येते?"

"फोन लावून पाहू का?"

"नको गा. त्याले वाटंन, हे लोक जळून राहिले." बँकवाल्यानं पुढे म्हटलं, "अन् खरं सांगू? मी जळूनच राहिलो. घरी बायको रोज म्हणते, पाहा त्यायचा पोरगा कसा, अन् आपला कसा."

मग लूमवाला, ज्याला हळू बोलताच येत नाही, मोठ्यानं म्हणाला, "कवा येते तो?"

"आता काय येते!" मास्तर त्याच्या कानाशी ओरडला. "तिकडंच राहीन तो! चांगलं झालं त्याचं!"

"चांगलं झालं," लूमवाला म्हणाला. "पण सांगून जायले पाहिजे होतं."

पोहेवाल्यानं पार्सल माझ्या हातात दिलं. "भाऊ, अजून काही?" मी उभाच. दुपट्ट्याची गाठ सोडायला किती वेळ लागतो? हात वर गेलाही होता. पण गाठ सोडली असती तर बाविसावा मजला धाडकन त्या बाकावर पडला असता, आणि त्याच्याखाली सगळ्यात आधी बँकवाला सापडला असता. मी पैसे दिले आणि निघालो.

घरी येऊन पार्सल उघडलं. तर्रीत पोह्यांचा गाळ झाला होता. कूलरसमोर बसून मी तो खाल्ला. त्यांना मी आठवत होतो! अगदी नीट आठवत होतो. फक्त त्यांना आठवत होता तो माणूस सुखात होता, त्याला वेगळी खोली होती, त्याच्या पलंगाला चाकं होती. अशा माणसाला कोण कशाला फोन करील? मी स्वतःही केला नसता. स्वयंपाकघरातून काही आवाज येतो का म्हणून मी कूलर बंद करून पाहिला. घामच आला फक्त.

दोन दिवसांनी मी बंगलोरहून परत आलो. सदरच्या दुकानातून म्हैसूरपाक घेतला, डबा बदलला आणि बाकावर जाऊन बसलो. असा जल्लोष झाला, की शेजारच्या चहावाल्यानं कोणाचं लग्न ठरलं म्हणून विचारलं. मग मी सांगितलं. लिफ्ट इतकी वेगात, की माणूस वर पोचतो आणि त्याची चप्पल मागाहून येते. मास्तर टाळ्या देत होता. बँकवाल्याला मात्र मी म्हटलं, "पण पोराले टाइम नाही गा. दिवसभर कानात ते यंत्र घालून बसते. तुहा पोरगा तसाच असंन, सगळेच तसे आहेत." तो म्हणाला, "खरं म्हणतं?" आणि म्हैसूरपाकाचा दुसरा तुकडा उचलला. सगळे खूश. माझ्या आयुष्यातली ती बहुतेक सगळ्यात चांगली गोष्ट होती. सांगून झाल्यावर मला घरी जावंसं वाटेना.

लूमवाला माझ्यासोबत स्कूटरपर्यंत आला. म्हणाला, "मी नंबर लावला होता तुहा. मंग कापला. म्हटलं, पोराजवळ आहे माणूस, काहून मधात घुसा. अन् मले फोनवर आयकू येत नाही."

"करत जाय," मी म्हटलं.

"आँ?"

"फोन करत जाय! पोराजवळ असलो तरी करत जाय!"

सिग्नलला थांबलेले सगळे दुपट्टेवाले आमच्याकडे वळले. लूमवाल्यानं मान डोलावली आणि पोरीच्या घराकडे निघून गेला.

त्याच दुपारी फोन वाजला. "आयकू येते का?" तो इतक्या जोरात ओरडला, की फोन नसता तरी चाललं असतं.

"येते!"

"जेवला का?"

माझ्या जिभेवर पंचपक्वान्नं तयार होती. सांगणार होतो, की शेजारच्यांनी वडाभात पाठवला, वरून सावजी रस्सा, वरून तूप. पण थाप अशी ओरडून मारता येत नाही. तिला खालचा आवाज लागतो, मधे थांबावं लागतं, भुवई लागते. समोरचा प्रत्येक शब्दाला "आँ?" म्हणायला लागला, की वडाभाताची वाफ निघून जाते.

"खिचडी!" मी ओरडलो.

"आँ?"

"खिचडी! जळली!"

वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. "काय जळलं भाऊ?" मी हातानं त्यांना काही नाही म्हणून सांगितलं.

"बुडाची जळली असंन," लूमवाला म्हणाला. "वरची वरची खाय. खालची खरडू नको, कडू लागते."

"बरं!"

"उद्या पुन्हा करतो. ह्याच टाइमले."

मी पातेलं जवळ ओढलं. वरची अर्धी निघाली. चांगली होती.