सोळा दिवसांचा आठवडा

टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेत काटेमास्तरांना काम मिळालं तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि आधीच पुरते थकलेले होते. तीस वर्षं त्यांनी काटे दुरुस्त केले. दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे. कंपनी बंद पडल्यावर घरी बसले, आणि ते बसणं खायला उठायला लागलं तेवढ्यात हे काम चालून आलं. स्पर्धकांना काट्यावर उभं करायचं, आकडा वहीत लिहायचा, खाली सही ठोकायची. एवढंच.

हे वजन सकाळी व्हायचं, मेकअपच्या खोलीमागच्या बोळात. संध्याकाळी मंचावर दिव्यांनी झगमगणारी जी पायरी दिसायची ती प्लायवूडची होती, आत काटाबिटा काही नाही. स्पर्धक तिच्यावर डोळे मिटून उभे राहायचे आणि पडद्यामागे लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी मास्तरांच्या वहीतला आकडा दाबायची. आकडा ग्रॅमपर्यंत खरा. खोटा होता तो आठवडा. निवेदक "एका आठवड्यात सहा किलो!" म्हणून गळा काढायचा तेव्हा मधे सोळा दिवस गेलेले असायचे, कधी अठरा. शिवाय वजनाच्या आदल्या दुपारपासून कोणी पाण्याच्या थेंबालाही शिवायचं नाही. काट्यावरून उतरलं की तीच माणसं मास्तरांच्या स्टुलावर बसून दोन-दोन बाटल्या घटाघटा रिचवायची. बाटल्या पुढे करायचं कामही मास्तरांकडेच होतं.

सुरुवातीला त्यांनी निर्मातीबाईंकडे विषय काढून पाहिला.

"बाई, तो आठवडा जरा..."

"मास्तर, तुमचा आकडा आम्ही कधी बदलला का?"

"नाही, आकडा नाही बदलला."

"मग झालं तर."

झालं तर झालं. बाहेर चकार शब्द काढणार नाही असं त्यांनी कागदावर लिहून दिलेलं होतं, आणि पुन्हा घरी बसायची त्यांची तयारी नव्हती. आकडा आपला, आठवडा त्यांचा, असं म्हणून मास्तरांनी हात झटकले. माणसाला हात झटकायला जागा लागतेच कुठे फारशी!

घरी त्यांची थोरली बहीण होती. नवरा गेल्यापासून ताई त्यांच्याकडेच राहायची आणि कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात लोकांचे कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून द्यायची. जन्मभर मशीन पायाने चालवून गुडघ्यांची वाट लागली होती. दोन मजले उतरायला दहा मिनिटं, चढायला त्याहून जास्त. सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं, पंच्याऐंशीच्या खाली या, मग ऑपरेशनची तारीख देतो. ताई भरली होती एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम. मास्तरांनी एका दवाखान्याने टाकून दिलेला उभा, दांडीचा काटा आणला, घासूनपुसून चोख केला आणि तिच्या खोलीत ठेवला. आणि ताईने स्पर्धेच्या बरोबरीने वजन उतरवायला घेतलं.

स्पर्धकांत तिची लाडकी होती एक बस चालवणारी बाई. बसवाली काट्यावर चढली की इकडे ताईचा जीव टांगणीला. दर भागानंतर ताई कपाटाच्या दारावर खडूने दोन आकडे लिहायची, एक बसवालीचा आणि एक स्वतःचा. बसवाली सहा किलो, ताई चारशे ग्रॅम. बसवाली पाच किलो, ताई तीनशे.

"माझ्यातच काहीतरी खोट आहे," ती म्हणायची. "ती पण बाईच ना रे? बसूनच काम करते ना?"

मास्तर ताटातल्या भाकरीकडे बघत म्हणायचे, "प्रत्येकाची प्रकृती वेगळी."

मग ताईने रात्रीचं जेवण सोडलं. मग सकाळचं अर्ध्यावर आणलं. आठव्या आठवड्यात दुकानात घेरी येऊन ती मशीनवर कोसळली, सुई जेमतेम बोटाजवळून गेली. दुकानदारीण तिला रिक्षात घालून घरी घेऊन आली. घरी आल्या आल्या ताई आधी काट्यावर चढली. अठ्ठ्याऐंशी सहाशे.

"काटा बघ रे एकदा," ती म्हणाली. "अडकलाय बहुतेक."

मास्तरांनी प्रमाण वजनं काढली, हातात सुती मोजे घातले आणि एकेक वजन ठेवून पाहिलं. काटा तसूभर हललेला नव्हता. तसं त्यांनी सांगितल्यावर ताई पलंगावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. टीव्हीवरचा आठवडा सोळा दिवसांचा असतो, हे एक वाक्य. ते ओठांपर्यंत आलंही. पण नोकरी आठवली, सही आठवली, आणि ताई शेजारपाजारी मिरवायची तेही आठवलं, की आकडे माझा भाऊ काढतो, तिथे फसवाफसवी नाही. मास्तरांनी वाक्य गिळलं आणि दुसऱ्या दिवशी, ताई दुकानात गेल्यावर, तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. दांडीवरच्या सरकत्या वजनाच्या पोटात एक पोकळी असते, वजन नेमकं करण्यासाठी. तिच्यात त्यांनी बोराएवढी शिशाची गोळी बसवली. बाजूचा स्क्रू फिरवून रिकामी दांडी पुन्हा समतोल केली. कोणाला ताकास तूर लागणार नाही असं काम. आता काटा दोन किलो कमी दाखवणार होता.

ताई हरखली. खडूने मोठ्ठा आकडा लिहिला. रात्री जेवली, दुसऱ्या दिवशीही जेवली, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून आली. मास्तरांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. पुढच्या आठवड्यात गोळी काढतो, असं ते दर आठवड्याला स्वतःला बजावत राहिले. अकराव्या आठवड्यात काट्याने चौऱ्याऐंशी नऊशे दाखवलं आणि ताईने भावाला न विचारता हॉस्पिटलला फोन करून भेट ठरवूनही टाकली.

हॉस्पिटलात नर्सने तिला काट्यावर उभं केलं. "शहाऐंशी नऊशे."

"शक्यच नाही. काल घरी चौऱ्याऐंशी नऊशे भरलं."

"काकू, घरच्या काट्यांचं काय खरं असतं?"

"घरचा म्हणजे? माझा भाऊ तीस वर्षं काट्यांचं काम करतो! टीव्हीवरचे आकडे तोच काढतो. तुमचाच काटा बिघडलाय. अरे, सांग ना हिला!"

नर्स बिचकली. बाहेर पेशंटची रांग होती, आणि कोपऱ्यातल्या काट्याकडे ती अशी बघायला लागली की खरंच असेल बिघडलेला. "काका, तुम्ही यातले जाणकार. कोणता आकडा लिहू?"

एका शब्दाचं काम होतं. तारीख मिळाली असती. मास्तरांनी काट्याकडे पाहिलं. सरळ उभा, यंदाची तपासणीची मोहर लावलेला.

"हाच लिहा," ते म्हणाले. "घरच्या काट्यात मी शिसं भरलंय."

ताई काट्यावरून उतरली नाही. दांडीला धरून उभी राहिली. मग मास्तरांनी उरलेलंही सांगून टाकलं. सोळा दिवस, अठरा दिवस, पाण्याच्या बाटल्या, सगळं. नर्स कागदात डोकं घालून बसली.

"म्हणजे बसवालीचे ते सहा किलो..."

"दिवसांच्या हिशोबाने निम्मेसुद्धा नाहीत."

"आणि माझे?"

"साडेचार. अकरा आठवड्यांत. एक ग्रॅमही खोटा नाही."

"साडेचार," ताई म्हणाली. "ह्या गुडघ्यांवर मी साडेचार किलो उतरवले, आणि तेसुद्धा तू मला कळू दिलं नाहीस."

तारीख मिळाली नाही, दोन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. घरी आल्यावर मास्तरांनी गोळी काढली, प्रमाण वजनं ठेवून काटा पुन्हा चोख केला आणि ताईला हाक मारली. ती आली नाही. तिने शिवायला आणलेल्या कपड्यांचा ढीग काट्यावर टाकला.

पुढच्या रविवारी ती दोन मजले उतरून औषधाच्या दुकानातल्या यंत्रावर वजन करायला निघाली. दहा मिनिटं लागली. मास्तर मागोमाग एकेक पायरी उतरत होते.

"ताई, ते यंत्र सहाशे ग्रॅम जास्त दाखवतं," दुकानाच्या दाराशी ते म्हणाले. "मी दुकानदाराला सांगून नीट करून देतो."

"नको," ताई चप्पल काढता काढता म्हणाली. "तू हात लावू नकोस त्याला."