‘प्रतिनिधी’ला हिरवा, वनिताला लाल

“ताई, मी का नखरे केले जी? कपडे बदलाले दरवाजावाली खोली मांगतली, हे नखरे झाले?”

वनिता माझ्या टेबलासमोर उभी होती. हातात आमचाच पेपर. मनोरंजनाच्या पानावर ठळक मथळा, ‘नायिकेच्या नखऱ्यांमुळे प्रयोग रद्द’. ती सिहोऱ्याची. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत बारा वर्षं नायिकेची कामं करते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते; त्या सीझनसाठी नाटक कंपन्या दसऱ्याच्या आत कलाकार पक्के करतात. त्याआधी तिची बाजू छापून आली नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. दसऱ्याला आठ दिवस होते.

मी भंडारा ऑफिसात उपसंपादक. प्रयोग रद्द झाला त्या गावी जाऊन आले. रंगमंचामागे नायिकेसाठी एक फाटकी चादर टांगलेली, पलीकडे चहाची टपरी. डोकं सणकलं. वनिताची मुलाखत लिहिली, पान लावलं, आणि पान अडकलं.

नागपूरच्या हेड ऑफिसने एआयचं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. बातमी एकांगी आहे का, ते तपासायचं. हिरवा दिवा लागला की बातमी छपाईला, लाल लागला की जागच्या जागी. मुलाखत लाल. मी नखऱ्यांची बातमी त्यात टाकून पाहिली. हिरवीगार!

नागपूरला संपादक देशकर सरांना फोन लावला.

“मॅडम, मशीनचं काय कुणाशी वैर आहे? ते न्यूट्रल असतं.”

“मग बाईला नखरेल म्हटलेलं त्याला कसं चालतं, सर?”

“वाद नको. तिचं नाव काढा, ‘प्रतिनिधी’ टाका, होईल हिरवं.”

करून पाहिलं. खरंच हिरवं झालं. मग उलटं केलं. नखऱ्यांच्या बातमीवरचं ‘प्रतिनिधी’ खोडून ‘कंपनीचे मालक म्हणाले’ असं लिहिलं. ती लाल झाली.

वनिताला फोन करून विचारलं, नाव काढलं तर चालेल का?

“नावच तं खराब केलं न माह्यं! मंग नाव काढून का छापता?”

तिचं बरोबर होतं. मी नाव ठेवलं आणि मशीन हे शिकलं कुठून, ते शोधायला बसले.

असं सॉफ्टवेअर आपलं आपण शिकत नाही. त्याला जुन्या बातम्या दाखवतात. प्रत्येकीपुढे माणसाने आधी लिहिलेलं असतं, एकांगी की निःपक्ष. याला लेबलिंग म्हणतात. आमच्या पानाची ती फाईल उघडली. ‘प्रतिनिधी’ असलेली प्रत्येक बातमी निःपक्ष. कुणी नावानिशी बोललेली प्रत्येक बातमी एकांगी.

आता हे ‘प्रतिनिधी’ कोण? सीझनमध्ये गावोगाव नाटकं. प्रत्येक ठिकाणी माणूस कुठून पाठवणार? कंपनीचा मालक व्हॉट्सअ‍ॅपवर तयार बातमी पाठवतो, आम्ही मथळा बदलतो आणि वर ‘प्रतिनिधी’ टाकतो. वर्षानुवर्षं. नखऱ्यांची बातमी तशीच आलेली. म्हणजे मालकाचं बोलणं निःपक्ष, हे मशीनला आम्हीच शिकवलं.

लेबलिंग करणाऱ्याचं नाव फाईलच्या शेवटी होतं. माझं. मागच्या उन्हाळ्यात, एका दुपारात, चहा पीत उरकलं होतं ते. मशीनवरचा सगळा राग फिरून माझ्यावर आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सरांना सगळं सांगितलं. “लेखी पाठवा, टेक्निकल टीम बघेल,” म्हणाले. लेखी पाठवलं. रोज फोन केला, दोनदा भांडले. टीमने बघितलं. मुलाखत छापून आली, वनिताच्या नावानिशी, फोटोसकट, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी.

त्या सकाळी तिचा फोन आला. “ताई, पेपर पाहिला जी. चांगलं लिवलं. पण कंपन्याइचं ठरून गेलं आता. मी धान कापाले जाऊन राहिली.”



आता कुणी तयार बातमी पाठवली की मी ‘प्रतिनिधी’ऐवजी पाठवणाऱ्याचं नाव लिहिते. टीमने वनिताची मुलाखत तेवढी सोडवली होती, लेबलं तशीच आहेत, त्यामुळे बातमी लाल होते. देशकर सर फोन करतात, “मॅडम, तुमचंच पान रोज कसं अडकतं?” मी सांगते, लेबलं बदला. ते म्हणतात, बघू. मशीन तपासायचं असेल तर आधी शिकवणाऱ्याला तपासावं, एवढं मी शिकले. वनिताचा सीझन गेल्यावर.