फुकटचा राखणदार

नमिता नवी मुंबईतल्या उलव्यात राहायला आली तेव्हा त्या इमारतीतल्या निम्म्या खिडक्यांना पडदे लागायचे होते. तिचं सासर मूळचं जवळच्याच गावातलं. विमानतळासाठी गाव उठलं, भावकी वेगवेगळ्या सेक्टरांत पांगली. नमिता, तिचा नवरा हितेश आणि सासू मालतीबाई, अशी तिघं त्या नव्या फ्लॅटमध्ये आली.

मालतीबाई म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. देवांना, वेशीवरच्या राखणदाराला, घरातल्या गेलेल्या माणसांना त्या गाण्यातून नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं. हे सगळं त्यांच्या गळ्यात होतं, कागदावर एक ओळ नव्हती. हॉलमधल्या लग्नांत डीजे आला आणि त्यांना येणारी आमंत्रणं कमी झाली. नमिता घरी बसून कंपन्यांची डेटा एंट्री करायची. सासूबाईंची गाणी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायची, हे तिच्या मनानं घेतलं. तिनं एक बरा माइक आणला आणि दुपारची कामं आटोपली की त्यांना आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवायला सुरुवात केली.

मालतीबाईंना ते पटत नव्हतं.

"मांडव नाय, नवरी नाय. मंग बोलवायचं कोनाला?"

"सराव समजा ना, आई."

"याचा सराव नसतो गो. हाक मारली का कोनतरी येतं."

तरी सुनेच्या हट्टापायी त्या गायल्या. महिनाभरात बरीच गाणी जमली.

मग एका सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल चौकट उघडली. भोंगा वाजू लागला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरले आहेत, सगळ्या फाइल नष्ट होतील, असं त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. चौकट बंद होईना. नमिताच्या डोळ्यांसमोर गाणीच आली. तिनं घाईघाईनं 'फुकट अँटिव्हायरस' असं शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते घेतलं. ती जाहिरात होती, पण तसं बारीक अक्षरात लिहिलेलं तिनं वाचलं नाही. निळ्या ढालीचं चित्र होतं, खाली हसरं कुटुंब. त्यानं तिचं नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला. माइक वापरू का? कॅमेरा वापरू का? आधीचं संरक्षण बंद करू का? नमिता प्रत्येक वेळी 'हो' दाबत गेली. लाल चौकट नाहीशी झाली आणि तिला हायसं वाटलं.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. काय ते सांगता येईना.

ती भाजी चिरत असताना आतल्या खोलीत पंख्यासारखा आवाज सुरू व्हायचा. जाऊन पाहिलं तर बंद करून ठेवलेला पडदा उजळलेला असायचा. एकदा तिच्यासमोर माउसचा बाण सरकला. माउसला कोणाचा हात नव्हता. बाण सावकाश गाण्यांच्या फोल्डरपाशी गेला, तिथं थांबला, आणि तिनं खुर्ची ओढल्याबरोबर जागच्या जागी थिजला. पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. दोघी खोलीत बोलत असल्या की तो हमखास लागलेला असायचा.

"जुना पीसी आहे, टेन्शन नको घेऊस," हितेश म्हणाला. त्याच्या दोन गाड्या विमानतळाच्या कामावर होत्या, त्याचं डोकं तिकडेच असायचं. "अँटिव्हायरस टाकलंयस ना? मग झालं."

एका दुपारी मालतीबाई बाल्कनीत लसूण सोलत होत्या. नमिता आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सासूबाईंचं गाणं ऐकू आलं. हळदीचं, संथ, थरथरत्या आवाजातलं. आज आपणहून गातायत, म्हणून ती आनंदानं बाहेर आली. मालतीबाईंचे ओठ मिटलेले होते. लसणाची पाकळी बोटांत तशीच धरून त्या आतल्या खोलीकडे बघत होत्या.

"आत कोन गातंय गो?"

नमितानं खोलीच्या दाराकडे मान वळवली.

"माझा आवाज हाय तो," मालतीबाई हळूच म्हणाल्या. "मी तं इथं बसलंय."

दोघी दारापर्यंत गेल्या. खोली रिकामी होती. पडदा उजळलेला, दिवा लागलेला. गाणं पुढं सरकत होतं, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत होतं. त्यात मालतीबाईंच्या नवऱ्याचंही नाव आलं. मग गाणं थोडं मागं गेलं आणि तेच नाव पुन्हा घेतलं. पुन्हा मागं. पुन्हा तेच नाव. पलीकडच्या कोणाला ते नीट ऐकून घ्यायचं होतं, तसं.

नमितानं कसाबसा कॉम्प्युटर बंद केला. मालतीबाईंनी त्या खोलीच्या उंबऱ्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि त्या दिवसापासून आत पाऊल ठेवलं नाही.

नमितानं पुष्कळ समजावलं. बटण चुकून दाबलं गेलं असेल, म्हणाली. तिचं तिलाही ते खरं वाटत नव्हतं. पण एक गाणं अपुरं होतं, सासूबाईंचं वय झालं होतं, आणि ते राहून गेलं तर कायमचं जाईल, ही भीती जास्त मोठी होती. आठवड्याभरानं तिनं दाराशी पाट मांडला, माइकची वायर ताणून बाहेर आणली. मालतीबाई उंबऱ्याच्या अलीकडे बसल्या. चार ओळी गायल्या आणि गप्प झाल्या.

"ऐकतंय," त्या म्हणाल्या. "आतमदी बसून ऐकतंय कोनतरी." आणि उठून गेल्या.

नमिता वायर गुंडाळत होती तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार ताई." बाप्याचा आवाज, मऊ, शुद्ध मराठी. "तुमच्या अँटिव्हायरस कंपनीतून बोलतोय. आजी आज मध्येच का थांबल्या?"

नमिता वायर तशीच टाकून उभी राहिली.

"कोण बोलतंय?"

तिचा तो प्रश्न पुढच्याच क्षणी फोनमधून तिलाच ऐकू आला. कोण बोलतंय. तिकडच्या कुठल्यातरी स्पीकरवर तो वाजला होता. खोलीतला माइक चालू होता.

"घाबरू नका. एवढ्या छान गाण्यांना पूर्ण संरक्षण हवं, म्हणून फोन केला. आजींना सांगा, बाल्कनीत वाऱ्याला बसू नका. आवाज बसलाय त्यांचा."

तिनं फोन कापला. मग धावत जाऊन इंटरनेटच्या डबीची वायर भिंतीतून उपटली. कॅमेऱ्याचा दिवा मात्र लागलेलाच राहिला. तिनं मेन स्विच पाडला, तेव्हा तो विझला. ती मालतीबाईंचा हात धरून खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसली आणि तिथून नणंदेला फोन लावला.

सोनल ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती रजा टाकून त्याच संध्याकाळी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, ती लाल चौकट खोटी होती, आणि ही ढालसुद्धा. माणूस आधी आपल्याला घाबरवतो, मग राखणदार बनून घरात येतो. आणि दार आपण उघडलं."

"म्हणजे खरंच मानूस हाय?" मालतीबाईंनी विचारलं.

"हो आई. माणूसच आहे. कुठे बसलाय ते माहीत नाही, एवढंच."

मालतीबाईंना त्या उत्तरानं धीर आला नाही. देवाधर्माचं काही असतं तर त्यांना काय करायचं ते माहीत होतं.

सोनलनं इंटरनेट न जोडता गाणी वेगळ्या ड्राइव्हवर काढली, कॉम्प्युटर पार पुसला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाकलं. नमिताचे सगळे पासवर्ड त्या लॅपटॉपवरूनच बदलून घेतले. हितेशनं सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. आता तो 'टेन्शन नको घेऊस' म्हणाला नाही. ज्या नंबरवरून फोन आला होता तो पुन्हा कधी लागला नाही.

"आता कुठलं अँटिव्हायरस टाकू?" नमितानं विचारलं. "फुकटचं काही नकोच."

"फुकट म्हणजे वाईट असं नाही," सोनल म्हणाली. "विंडोजचं स्वतःचं आहे ते फुकटच आहे, आणि घरासाठी तेवढं पुरतं. तू तेच बंद करायला 'हो' म्हणालीस. दुसरं हवं असेल तर जाहिरातीवरून घ्यायचं नाही, थेट त्या कंपनीच्या साइटवर जायचं. स्वतंत्र लॅबवाले दरवर्षी सगळ्यांच्या चाचण्या घेतात, त्यात नाव आहे का बघायचं. आणि जे ओरडतं, घाई करतं, व्हायरस शोधायला माइक मागतं, ते घरात घ्यायचंच नाही."

नमितानं त्यानंतर आठवडाभर वाचन केलं. चांगल्या नावाच्या दोन-तीन फुकट अँटिव्हायरसच्या अटी तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या, काय माहिती गोळा करतात ते पाहिलं. शेवटी विंडोजचंच ठेवलं, त्याचे अपडेट चालू ठेवले, आणि माइक काढून कपाटात टाकला. कॅमेऱ्यावर मालतीबाईंनी स्वतःच्या हातानं टिकली चिकटवली. ड्राइव्हवरची गाणी नव्या संरक्षणातून तपासून परत आत घेतली. एकही गेलं नव्हतं.

पण ती गाणी त्या माणसाकडेही होती, आणि ते कोणालाच पुसता येणार नव्हतं. एकदा जेवताना मालतीबाईंनी ते बोलून दाखवलं.

"त्यानं माझ्या मानसाचं नाव परत परत ऐकलंन. आता वाजवीत असंल कुठंतरी. त्याला काय ठाऊक, ते बोलावनं हाय. जातील ना सगळी त्याच्या दाराशी."

हितेशनं घास खाली ठेवला.

पुढे नमितानं इंटरनेटला न जोडणारा छोटा रेकॉर्डर घेतला. आता ती इतर गावांतल्या धवलारणींकडे जाते, त्यांच्या ओटीवर बसून गाणी उतरवून घेते. इमारतीतल्या बायका नवा लॅपटॉप आणला की आधी तिला बोलावतात. ती येते, वरची जाहिरात ओलांडून खाली जाते, प्रत्येक 'हो'पाशी थांबून मोठ्यानं वाचते.

घरात मात्र एक सवय लागली ती लागलीच. आता विमानतळ चालू आहे. वरून विमान गेलं की तिघांचा आवाज आपोआप मोठा होतो, त्या गडगडाटात कोणाला ऐकू जाणार नाही म्हणून मनातलं बोलून घेतात. विमान लांब गेलं की पुन्हा हळू बोलू लागतात.