सावलीवर घातलेला आळ

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. टाळायला फारसे कष्टही पडले नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही. उलट लोक मलाच तिचं श्रेय देत आले, आणि फुकटचं श्रेय नाकारायला जे धैर्य लागतं ते माझ्याकडे कधी नव्हतं.

परवा आमच्या ग्रामपंचायतीच्या छतावर सौर पाट्या बसल्या आणि खाली कॉम्प्युटर लागले. उद्घाटनाला मला खुर्ची दिली, हातात नारळ दिला. आदिलाबादहून आलेला एक तरुण साहेब कागदावरून वाचत होता. हरित माहिती तंत्रज्ञान, उभरत्या देशाची आर्थिक वाढ, असं बरंच काही. शेजारी बसलेल्या माझ्या म्हाताऱ्या मित्रानं मला कोपर मारलं.

“काय म्हणून राह्यला बे तो?”

“उन्हावर कॉम्प्युटर चालते म्हणते. त्यानं गाव पुढं जाते म्हणते.”

“मंग आपला फोन काय रॉकेलवर चाले का?”

तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडे हात केला. या गावात सूर्यावर चालणारा पहिला फोन यांनी सांभाळला, म्हणाले. टाळ्या पडल्या. नारळ फुटला, मी फुटलो नाही. पण घरी येऊन वहीचा कोरा कागद फाडला आणि बसलो. तो फोन मी सांभाळला नव्हता. ज्या बाईनं सांभाळला, तिच्या हातून तो माझ्यामुळे गेला.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमचं गाव गुडीहत्नूरच्या रस्त्यावरून आत, मातीच्या वाटेनं जायचं. कापूस आणि ज्वारी, बाकी सगळं उधारीवरचं बोलणं. वीज होती, पण पाव्हण्यासारखी. आली तर आली. अशा गावात टेलिफोन खात्यानं एक लोखंडी खांब उभा केला, त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना, खांबापुढे एक निळी काचेची पाटी, आणि भिंतीशी लोखंडी पेटीत दोन बॅटऱ्या. पाटी उन्हातून वीज काढायची, बॅटऱ्या ती साठवायच्या आणि फोन तारेशिवाय बोलायचा. खात्याचा तेलुगू मेकॅनिक पाटी पुसत म्हणाला, “सूर्युडु बिल पंपडु.” सूर्य बिल पाठवत नाही. हे आम्हाला फार आवडलं.

हे सगळं कोणाच्या अंगणात उभारायचं, यावर मात्र आधी गावाचं तोंड वाकडं झालं होतं. खात्याला शिकलेलं माणूस हवं होतं, दिवसभर घरी असणारं, आणि दक्षिणेकडे उघडं अंगण. हे तिन्ही बौद्ध वस्तीत, बालवाडीच्या बाईंकडे होतं. नवरा मंचेरियलला खाणीत, घरी सासू आणि त्या. बालवाडी त्यांच्याच ओसरीवर भरायची. म्हणजे आता फोन करायचा तर पाटलालाही वस्तीत जावं लागणार. पहिले काही दिवस लोक अंगणाबाहेर उभे राहूनच ओरडत: “बाई, लावा जरा आदिलाबाद!” बाई आतून म्हणत, “फोन काई रस्त्यावर येत नाई भाऊ, तुमीच आत या.” मग लोक आत येऊ लागले. बसू लागले. आणि एक दिवस पाटलांनी तिथं चहा प्याला, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या कितीतरी दिवस त्या चहाबद्दल बोलत होत्या.

पण खरी गंमत भावाची. त्याआधी दलाल आमच्या मामांच्या बांधावर यायचा, कापसाच्या पऱ्हाटीकडे बघून तोंड पाडायचा आणि म्हणायचा, “आदिलाबादेत भाव बसला, मामा.” मामा मान हलवायचे. बसला की उठला, हे बघायला कोण जाणार? आता बाई रोज सकाळी यार्डातल्या एका अडत्याच्या मुनिमाला फोन लावायच्या. भाव कळला की ओसरीवर सांगायच्या. पण माणसं शेतात. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. भाव चढा असेल तर खांबावर धोतराचा पांढरा तुकडा, उतरला असेल तर जुन्या लुगड्याचा लाल. तीन-चार शेतं पलीकडून दिसायचं. पांढरं दिसलं की ट्रॉली जोडायची, लाल दिसलं की वेचणी चालू ठेवायची. बांधावर दलाल आला तर मामा खांबाकडे बोट करून म्हणायचे, “आमचं यार्ड तिथं फडफडून राह्यलं, पाव्हणं.”

दोनच हंगामांत फरक दिसला. कुडाच्या जागी विटा आल्या. दुसरा ट्रॅक्टर आला. पोरी गुडीहत्नूरच्या शाळेत सायकलवर जाऊ लागल्या. परवाच्या साहेबांचे मोठे शब्द ऐकताना माझ्या डोळ्यासमोर ते दोन चिंध्यांचे तुकडे होते.

या सगळ्यात माझा भाग एवढाच, की मी आयटीआय केलेला. रेडिओ, मोटारी दुरुस्त करायचो. मेकॅनिक वरचेवर येणार नाही म्हणून पेटीची किल्ली माझ्याकडे दिली: बॅटरीत पाणी घालायचं, टोकांवर पांढरी बुरशी धरली तर धुवायची. गावानं मला त्या दिवसापासून इंजिनिअर केलं.

आणि माझ्याकडे एक टीव्ही होता. छोटा, काळा-पांढरा, बॅटरीवर चालणारा. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. मी टीव्ही मेहुण्याच्या जुन्या ट्रॅक्टर बॅटरीवर चालवायचो. अंगणात निम्मं गाव. पुढे बायका, मागे पुरुष, पाटलांना खाट. देव प्रकटले की लोक हात जोडायचे आणि देव गेले की माझ्याकडे कौतुकानं बघायचे. पुढे ती बॅटरी मेली. नवी घ्यायची ऐपत नव्हती, आणि “या रविवारी नाही” म्हणायची हिंमत नव्हती.

मग मी एका रविवारी बाईंकडे गेलो. “बाई, एक बॅटरी धुवाले नेतो. संध्याकाळी आणून लावतो.”

“दोन्ही न्या ना. आज मार्केट बंदच हाय.”

“एकच पुरते.”

सायकलच्या मागे बांधून आणली, टीव्ही चालवला, संध्याकाळी परत लावली. मी स्वतःला समजावलं: रविवारी भाव कोण विचारतं? सोमवारचं ऊन सोमवारी भरून काढेल. पुढच्या रविवारी पुन्हा. बाई मला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, “भाऊ किती जपून राह्यले हो बॅटरीले.” लोकांना मी ट्रॅक्टरचीच बॅटरी असल्याचं सांगत होतो.

थंडीत दिवस लहान झाले, सकाळी धुकं यायला लागलं. सोमवारचं ऊन सोमवारी भरून काढेना. फोन सोमवारी सकाळी खोकल्यासारखा आवाज करायचा आणि उन्हं वर आल्यावर बोलायचा.

एका शनिवारी भाव चढा होता. बाईंनी पांढरं लावलं. रविवारी यार्ड बंद, म्हणून ते तसंच राहायचं, ही रीतच पडली होती. सोमवारी पहिला फोन झाला की ठरवायचं, ठेवायचं की बदलायचं. त्या सोमवारी फोन लागलाच नाही. बाई पाटी पुसत होत्या, पुन्हा पुन्हा लावत होत्या. आणि शेतात लोक खांबाकडे बघत होते. कापड बदललं नाही म्हणजे भाव बदलला नाही, एवढा हिशेब गाव शिकलं होतं. ‘माहीत नाही’ यासाठी कापड आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. भरलेल्या ट्रॉल्या निघाल्या.

यार्डात खरेदी बंद पडली होती. हमाल आणि व्यापाऱ्यांचं भांडण. फाटकाबाहेर दलाल उभेच होते. काहींनी मिळेल त्या भावानं कापूस विकला, काही माल घेऊन परत आले, वाटेत दवानं भिजलेला. पाटलांच्या दोन ट्रॉल्या त्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर सगळे. बाईंना बोलावलं होतं. त्या उभ्या होत्या, सासू मागे.

“फोन लागत नव्हता तं कापड काऊन नाई काढलं?” एकानं विचारलं.

“लागल म्हणून वाट पाहून राह्यली होती, काका. दर सोमवारी असंच होते, उन्हं आल्यावर लागते.”

“दर सोमवारी? मंग आधी काऊन नाई सांगितलं?”

“दिवसभर गप्पा मारत असतीन फोनवर. मंचेरियलले!” मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. “भाऊ, तुमीच सांगा. रविवारी बॅटरी परत आणली तवा भरून होती का?”

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. मदत मागत होत्या. तिथं बसलेल्या प्रत्येकानं परवाच माझ्या अंगणात देव पाहिले होते, त्यांच्याच फोनच्या विजेवर. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. लोक चिडले असते, मग हसलेही असते. आमच्या गावाला हसायला फार वेळ लागत नाही.

“भरून होती,” मी म्हणालो.

“मंग गेली कुठं वीज?” पाटील म्हणाले. “तू आयटीआयवाला, तूच सांग.”

मी वस्तीकडे बोट केलं. “पाटील, त्या खांबावर कापड असते न. त्याची सावली पाटीवर पडते. पाटीले ऊन कमी मिळते. बॅटरी बसते.”

इतकं सुंदर खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही. सगळ्यांना ते लगेच पटलं. पटायला त्यांना कारणच हवं होतं. वस्तीत जाऊन फोन करणं कित्येकांना अजून सलत होतं. “म्हणजे बाईच्या चिंध्यांनीच फोन मारला!” कोणीतरी ओरडलं. विजेचं मला कळतं, असं बाईंनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पाटलांनी आदिलाबादच्या कचेरीत दरख्वास्त दिली. महिन्याभरात खांब, पाटी, पेटी सगळं पाटलांच्या वाड्यामागे गेलं. कापडं बंद. भाव आता पाटलांच्या ओसरीवर कळायचा. आधी पाटलांना, मग त्यांच्या माणसांना, मग उरलेल्यांना. पुढच्या हंगामात पाटील स्वतःच बांधावर कापूस विकत घेऊ लागले. मामा पुन्हा मान हलवू लागले.

आणि मी? मी घाबरलो होतो. त्या दिवसानंतर बॅटरीला हात लावला नाही. टीव्ही बिघडला म्हणून सांगितलं. त्यामुळे झालं असं, की पाटलांकडे फोन दर सोमवारी ठणठणीत बोलू लागला. “पाहा, कापड गेलं आन् फोन सुधारला,” लोक म्हणाले. मी सुधारलो आणि माझ्या सुधारण्यानंच माझं खोटं खरं ठरवलं. इंजिनिअर म्हणून माझी पत वाढली. मोटारी दुरुस्तीला लांबून लोक येऊ लागले.

बाईंच्या ओसरीवरची बालवाडी पाटलांनी देवळाजवळच्या खोलीत नेली, तिथं दुसऱ्या बाई आल्या. आमच्या बाई सासूला घेऊन मंचेरियलला नवऱ्याकडे गेल्या. निघताना ट्रंक बसमध्ये चढवायला मी गेलो होतो. बोलायचं म्हणूनच गेलो होतो. ट्रंक चढवली, आणि कंडक्टरशी भाड्यावरून भांडत बसलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी मंचेरियलला एका मोटारीच्या कामाला गेलो होतो. घरी निरोप द्यायचा म्हणून स्टेशनजवळच्या पिवळ्या बोर्डाच्या बूथमध्ये शिरलो. गल्ल्यावर बाई. केस पांढरे, चष्मा, पुढे तीन फोन.

“या भाऊ,” त्या म्हणाल्या, जणू मी काल येऊन गेलो होतो. “किती वाळले हो! वयनी जेवाले नाई देत का?”

गावातल्या एकेकाची चौकशी केली. मामांचा गुडघा, पाटलांचं ऑपरेशन. मी कारण नसताना खिशातून रुमाल काढला, ठेवला. फोन झाल्यावर म्हणालो, “बाई, धंदा चांगला चालून राह्यला.”

“चालते. वीज गेली तरी चालते, बॅटरी हाय मागं.” मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “पण इथं बॅटरी धुवाले नाई देत मी कोणाले.”

आणि मोठ्यानं हसल्या. मीही हसलो. किती कळलं होतं त्यांना, केव्हा कळलं होतं, हे विचारायला तोंड उघडलं तर दारात गाडीची घाई असलेला एक फौजी आला, त्याला पठाणकोटला फोन लावायचा होता. बाई त्याच्याकडे वळल्या. “पुन्हा या भाऊ,” एवढं म्हणाल्या. मी बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर सगळं वाक्य तयार झालं. पुन्हा जाईन म्हणालो. मंचेरियल काही लांब नाही. पण ते लांबच राहिलं, आणि दोन वर्षांपूर्वी बाई गेल्याचं कळलं.

गाडीत तयार झालेलं ते बोलणं हे होतं:

बाई, खांब पाटीच्या उत्तरेला होता. थंडीत सावली उत्तरेला पडते. तुमच्या कापडाची सावली त्या पाटीवर एक दिवसही पडली नाही, आणि हे मला चावडीवर बोलताना माहीत होतं. वीज मी नेली. तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, कारण मी खरं सांगेन असं तुम्हाला वाटलं. मी नाही सांगितलं. तुमचा काही दोष नव्हता, बाई. मला माफ करा.