शकुआक्काची शेवटची प्लेट

शकुआक्का गेली, असा तिच्या मुलीचा, वीणाचा फोन आला, तेव्हा आक्काची शेवटची प्लेट माझ्या टेबलावर पडून होती... न छापलेली. थोड्याच दिवसांपूर्वी तिनं ती माझ्या हवाली केली होती. "मला आता प्रेसचं चाक फिरवायला होत नाही. तू छाप. पण माझं नाव घालवू नको, गोत्तायता? कळलं ना?"

मी लग्न होऊन सांगलीहून म्हैसूरला आले आणि एचिंग तिच्याकडेच शिकले. जस्ताच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं चित्र कोरायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघड्या पडलेल्या रेषा ॲसिड खातं. त्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागदावर दाबून छापायचं. आक्काचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. जितकं बुडवावं तितका रंग गडद, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून विद्यार्थी असताना पहिल्याच प्लेटला काळाभोर रंग यावा यासाठी तिनं ती पुन्हा पुन्हा ॲसिडात बुडवली आणि पत्र्याला चक्क भोकं पडली! वर्ग हसला. आक्कानं मात्र ती तशीच छापली. भोकांच्या जागी कागद फुगून वर आला, पांढराशुभ्र. पुढे ती मुद्दाम भोकं पाडू लागली. मेटगळ्ळीतल्या तिच्या शेडमध्ये मोठमोठे चित्रकार येऊन ते प्रिंट बोटांनी चाचपून बघायचे, आणि मी मनातल्या मनात जळायचे. तेवढी धिटाई माझ्यात कधीच नव्हती. माझ्या नाजूक रेषा बघून ती म्हणायची, "अय्यो, पत्र्याला गुदगुल्या करतेस काय गं?"

दिवसकार्य आटोपल्यावर वीणा शेडवर आली. मी शाई भरली, पुसली, चाक फिरवलं. आक्काचं चित्र माझ्या हातून बिघडू नये, एवढीच धास्ती होती. कागद उचलला... एच. डी. कोट्याकडचं धरणाचं काळं पाणी, आणि मधोमध उठून आलेलं एक पांढरं घर. पाण्याखाली गेलेलं तिचं आजोळ. मला रडूच कोसळलं.

"मावशी, खाली सही कोण करणार?" वीणानं विचारलं. मी पेन्सिल हातात घेतली होती, पण आक्काचं नाव मी कसं लिहू?

तेवढ्यात वीणा कागदावर वाकली. "इथं कोपऱ्यात स्वल्प डाग आलाय. काढूया?"

मी भिंग लावून पाहिलं. मेण ओलं असताना प्लेट धरताना आक्काचा अंगठा टेकला होता, आणि ॲसिडनं तो ठसा रेषारेषांसकट कोरून ठेवला होता.

मी पेन्सिल खाली ठेवली.