हसऱ्या चेहऱ्यावर बोट

मी बुलढाण्याला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रजननाचं प्रकरण आलं की मागच्या बाकांवरची पोरं माना खाली घालून हसतात आणि मी, आपल्याला कशाचीच लाज वाटत नाही अशा थाटात, फळ्यावर आकृत्या काढते. त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा मी घरच्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, की मला या विषयातलं काही शिकवायला येऊ नका. मला सगळं माहीत होतं. फक्त आमच्या पुस्तकात बाळ बाहेर आलं की प्रकरण संपतं आणि पुढचं प्रकरण थेट आनुवंशिकतेचं सुरू होतं. मधल्या काळात आईचं काय होतं, ते परीक्षेला नसतं.

मुलगी बुलढाण्यातच झाली. टाके पडले. घरी सोडताना दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. "मॅडम, बाळंतिणीसाठी आहे. रोज विचारपूस करतं." नवऱ्याच्याही फोनमध्ये टाकलं आणि त्याला माझ्याशी जोडून दिलं. मग तो नोकरीसाठी बुलढाण्यातच राहिला आणि मी मुलीला घेऊन माहेरी, धामणगाव बढ्याला आले.

अ‍ॅप रोज सकाळी विचारायचं. पाणी किती प्यायलात, टाके दुखतात का, बाळाने दूध ओढलं का. शेवटी पाच चेहरे यायचे, खदखदून हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. आज तुम्हाला कसं वाटतंय? सगळं भरलं की पडद्यावर एक फूल उमलायचं. फूल मिळतं म्हटल्यावर माझं काय होणार हे ठरलेलंच होतं. मी पहिलीपासून पहिल्या नंबराने पास होत आलेली बाई. रोज सकाळी मी पहिल्या, खदखदून हसणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे आणि फूल पदरात पाडून घ्यायचे. नवऱ्याला लगेच फुलासकट निरोप जायचा, की तुमची जोडीदार आज आनंदात आहे. तो आनंदाची बातमी वाचून कामाला लागायचा आणि रविवारी येऊन जायचा.

इकडे आईचं शास्त्र वेगळंच. मला बाजेवर झोपवायची, खाली निखाऱ्यांचं घमेलं, कानाला घट्ट फडकं. डिंकाचे लाडू हवे तेवढे, पण पाणी बेताचंच.

"लय पानी नको पिऊ. पोट सुटते."

"आई, उलट भरपूर प्यायला सांगितलंय."

"कोनं सांगतलं? त्या फोननं? त्याले झाले का लेकरं?"

या बाबतीत फोन बरोबर होता आणि आई चूक होती. पण तिच्याशी वाद घालण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून मी गोधडीखाली पाण्याची बाटली लपवून ठेवली आणि चोरून प्यायला लागले. चार दिवसांत पोट साफ व्हायला लागलं. आईने त्याचं श्रेय लाडवांना दिलं. मीही दिलं. दोन्ही परीक्षकांना खूश ठेवायचं कसब मला चांगलं जमत होतं.

मग एका दुपारी गल्लीतल्या बाया मुलीला पाहायला आल्या. खाली सतरंजीवर पाचसहा जणी बसल्या होत्या. कोणी झबलं आणलं होतं, कोणी टोपरं. नाक कोणावर गेलं यावर चर्चा चालली होती. मुलगी माझ्या अंगावर पीत होती आणि फोन गोधडीत कुठेतरी होता. तेवढ्यात त्यातून अतिशय शुद्ध, अतिशय गोड आवाज आला.

"नमस्कार ताई! चला, आज आपण ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम करू या. लघवी रोखून धरताना आपण जसं आवळतो, तसं आवळा... धरून ठेवा... आणि सैल सोडा."

मी एका हाताने फोन चाचपायला लागले. सापडेना.

"छान! पुन्हा एकदा. आवळा..."

फळ्यावर आकृत्या काढणाऱ्या बाईने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. मग गल्लीतली सगळ्यांत म्हातारी काकू म्हणाली, "हे कायच्यासाठी असते वं पोरी?"

मी गोधडीतूनच सांगितलं, "खोकलताना गळू नये म्हणून."

बाया एकमेकींकडे चोरून पाहू लागल्या.

"मंग लाव ना अजून एक डाव," काकू म्हणाली.

मी बाहेर डोकं काढून फोन शोधला आणि आवाज पुन्हा सुरू केला. पाचसहा बाया सतरंजीवर ताठ बसून छताकडे एकटक पाहू लागल्या. फोन म्हणे आवळा, की सगळ्यांचे डोळे मोठे व्हायचे. "मले तं समजूनच नाही राह्यलं, आवळलं का नाही ते," एक जण म्हणाली आणि बाकीच्या फुटल्या. "हासवू नका वं, गेलं, गेलं!" म्हणत दुसरी मोरीकडे पळाली. मग तर कोणाला आवरेना. बोलता बोलता कळलं, की सतरंजीवर बसलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच हा त्रास होता आणि कोणीच कधी कोणाला सांगितलेला नव्हता. जीवशास्त्राची बाई त्या गल्लीत लहानाची मोठी झाली होती आणि तिलाही ठाऊक नव्हता.

आई मात्र हसली नाही. ती चहा टाकायला आत गेली. मला वाटलं, तिला माझ्या फोनची लाज वाटली.

माझं स्वतःचं काय चाललं होतं, ते मी कोणालाच सांगत नव्हते. मला रडू येत होतं. पोह्यात शेंगदाणे नाहीत म्हणून एकदा आलं, एकदा मुलीची नखं फार लहान आहेत म्हणून. ते परवडलं. पण मुलगी रडायला लागली की मला शेजारच्या घरातल्या कुकरची शिटी ऐकल्यासारखं वाटायचं. कोणीतरी जाऊन गॅस बंद करेल. आपलं काय? असं वाटतं म्हणून मग आणखी रडू यायचं. आणि सकाळी डोळे पुसून मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे.

शेवटी एके दिवशी मी धीर करून खरं ते सांगितलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. प्रत्यक्षात बोटाला लाडवाचं तूप होतं. बोट घसरलं आणि ढसाढसा रडणारा चेहरा दाबला गेला. मी मागे जायचा खूप प्रयत्न केला, पण अ‍ॅप जाऊ देईना. त्याने एकामागून एक नवे प्रश्न काढले. झोप लागते का? स्वतःला दोष देता का? बाळाजवळ असताना काय वाटतं? प्रश्नपत्रिका कोरी सोडायची मला सवय नाही. मी सगळे प्रश्न सोडवले, आणि सवयीने अगदी मन लावून सोडवले. त्या दिवशी फूल आलं नाही. 'आमच्या ताई तुम्हाला फोन करतील' एवढंच आलं.

दुपारी फोन वाजला तेव्हा मुलगी नुकती कुठे प्यायला लागली होती, म्हणून आईने उचलला. आई फोन नेहमी स्पीकरवर टाकून आरशासारखा तोंडासमोर धरते.

"जयभीम. कोन बोलते?"

"नमस्कार. मी बाळंतिणींच्या अ‍ॅपमधून समुपदेशक बोलतेय."

"ओटीपी भेटनार नाही."

"नको ताई, ओटीपी नको. मला फक्त विचारायचं होतं, तुम्ही कशा आहात?"

"मी?"

"हो, तुम्हीच. तुम्हाला कसं वाटतंय हल्ली?"

मी हाक मारणार होते, पण आई उंबऱ्यावर बसली. तिचा आवाज बदलला. "मले असं कोनी इचारलं नाही बाई."

"मी विचारतेय ना. सांगा."

आणि आईने सांगितलं. "खोकललं का गळते. शिंकलं का गळते. कोनाच्या लग्नाले जाच असलं, का आदल्या दिवसापासून पानी बंद करतो मी. लुगड्याले वास येईन म्हनून लोकाईत बसत नाही."

"हे कधीपासून होतंय?"

"लेकरू झालं तवापासून."

"आणि मन कसं आहे, ताई? रडू येतं का?"

"आता नाही येत. तवा लय ये. त्या लेकराकडे पाहूच वाटे ना मले. विहिरीवर पान्याले जावो अन् तिथं बसून रडो. सासू म्हने, नखरे करते. मी म्हनो, हाव, नखरेच असतीन."

पलीकडून जपून, सावकाश प्रश्न आला. "ताई, बाळ आत्ता कुठे आहे? ठीक आहे ना?"

"हाव. हे काय, बाजीवर झोपून हाये."

"किती दिवसांचं झालं?"

"दिवस कायचे बाई? एकतीस वर्षाचं झालं. कालेजात शिकवते."

बाजेवरचं एकतीस वर्षांचं बाळ हसायला लागलं. हसता हसता त्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. मुलीने दूध सोडलं आणि तीही भोकाड पसरून रडायला लागली. आई उठून आली. तिने माझ्या कानाचं फडकं सोडलं, फोन कानाला लावला आणि नातीला खांद्यावर घेतलं. मग मी त्या न पाहिलेल्या बाईला शेंगदाण्यांपासून कुकरपर्यंत सगळं सांगितलं. आई तिथेच उभी राहून ऐकत होती.

फोन ठेवल्यावर ती रागावली. "मले काऊन नाही सांगतलं वं?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

तिने घमेलं उचललं आणि निखारे बाहेर टाकून आली.

संध्याकाळी मोटरसायकल दारात थांबली. आज हिला तुमची गरज आहे, असा निरोप नवऱ्याच्या फोनवर गेला होता. तो हेल्मेट घालूनच थेट खोलीत आला.

"काय झालं? फूल काऊन नाही आलं आज?"

"जावईबापू, अगोदर डोक्यावरचं तं काढा," आई म्हणाली.

बाजेच्या काठावर बसून त्याने खिशातून फोन काढला आणि वाचून दाखवलं, "जोडीदाराला उपाय सुचवू नका, फक्त ऐकून घ्या." मग तो खरोखर ऐकत बसला. मधेच तोंड उघडायचा, फोनकडे पाहायचा आणि परत मिटायचा. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, की त्यालाही अ‍ॅप रोज चेहरे विचारतं आणि तोही पहिलाच दाबतो. खरं तर त्याला मुलीला उचलून घ्यायचीच भीती वाटते. मान मोडेल असं वाटतं. म्हणून तो आला की दर वेळी हात धुवायला जातो आणि बराच वेळ हात धूत राहतो. मला वाटायचं, किती स्वच्छ माणूस आहे!

फोनवरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही बुलढाण्याला डॉक्टरांकडे गेलो. माझं रक्त फारच कमी झालेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी मला मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. तिथे मी पहिल्या दिवशी 'मी जीवशास्त्र शिकवते' अशीच सुरुवात केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं. आता रडायचं असेल तर रडा." दुसऱ्या खोलीत आईचीही तपासणी झाली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "याच्यावर इलाज असते म्हने."

एका दिवसात काही बदललं नाही. सकाळी मी आणि आई बाजेच्या काठावर शेजारी शेजारी बसायचो आणि फोन सांगेल तसं आवळायचो, सोडायचो. चेहऱ्यांमधला मधला, ना हसरा ना रडका, तो दाबायला मी शिकले. नवरा आठवड्यातून दोनदा यायला लागला. त्याने मुलीला पहिल्यांदा घेतलं तेव्हा ती काचेची बरणी असल्यासारखा तो श्वास रोखून उभा होता. एकदा दुपारी मी कपडे घडी करत होते आणि मुलगी रडली. काही कळायच्या आत मी तिला उचलून घेतलेलं होतं. घडी केलेले कपडे खाली पडले होते. आई दारातून पाहत होती, पण तिने मला तसं दाखवलं नाही.

मी परत निघायच्या आधी म्हाताऱ्या काकूने माझ्याकडून ते अ‍ॅप तिच्या नातवाच्या फोनमध्ये टाकून घेतलं. प्रसूतीची तारीख टाकल्याशिवाय ते पुढे सरकेना, म्हणून मी माझीच तारीख टाकली. तिला फक्त व्यायाम हवा होता. दोन दिवसांनी ती तक्रार घेऊन आली.

"पोरी, हे मले रोज इचारून राह्यलं, बाळाले दूध पाजलं का म्हनून. मी नाही म्हनलं, तं म्हनते, आजच दवाखान्यात जा. आता काय सांगू याले?"

"हो म्हणा," मी सांगितलं. "फूल येते."